ताटाएवढी बद्द जागा

४ फेब्रुवारी

ती. ताई, नमस्कार.

पत्र हातात घेतलंत तेव्हा उभ्या असाल तर आधी खुर्ची ओढून बसा. आम्ही नाव घेतोय. शिडाची. तीही साधीसुधी नाही, दोन होड्या शेजारीशेजारी ठेवून वरून जोडाव्यात तसली, कॅटामरान.

तुम्हाला फोन करता आला असता. पण फोनवर आपल्या दोघींचं 'जेवलात का, बरे आहात ना' याच्यापुढे कधी गेलंय का? म्हणून पत्र. आणि तुमच्या बंधुराजांना म्हटलं, तुम्ही सांगा, तर ते नुसतेच मान खाजवत चष्म्याच्या दुकानात पळाले. तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की ते असाच पळ काढतात.

सहा रविवार आम्ही शिडाची शिकवणी केली. साधी, एकाच होडीची नाव वाऱ्यात कलली की मला भोवळ येते, आणि ह्यांचा गुडघा तिरक्या जमिनीवर उभा राहू देत नाही. कॅटामरान कलत नाही म्हणतात. चहाचा कप ठेवला तर तिथेच राहतो. नवीन आम्हाला परवडणं शक्यच नाही, तेव्हा जुनी. अठ्ठावीस फुटी, वय वर्षं तीस. मालक एक निवृत्त दंतवैद्य आहेत, खांदा निकामी झाला म्हणून विकतायत. नाव त्यांनी दातांसारखीच स्वच्छ ठेवलीय.

पण आम्हाला काय कळतं? मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजणारी, हे भिंगं घासणारे. घरात नावांतलं कळणारं माणूस एकच. तेव्हा सांगा, काय बघायचं आणि कुठे फसतात.

तुमची,
भावजय


९ फेब्रुवारी

बाईसाहेब,

बसले. खुर्चीही ओढली. तरी पोटात दुखायचं ते दुखलंच. लपवत नाही, तुझ्यापाशी काय लपवायचं.

तेवीस वर्षं मी शिडं शिवते. आमचं मशीन जमिनीतल्या खड्ड्यात बसवलंय, कापड फरशीवर सपाट पसरावं म्हणून. म्हणजे मी दिवसभर खड्ड्यात, आणि माझ्या डोळ्यांसमोरून लोकांची शिडं सरकत जातात. डॉक्टरची, वकिलाची, वकिलाच्या जावयाची. खड्ड्यात मी, नावेत ते. आणि आता तू! सहा रविवार! अगं, जाड सुई ढकलायला तळहातावर चामडं घालतात, मला नुसतं ते नीट घालायला सहा महिने लागले होते.

तुझ्या नवऱ्याला, आमच्या बारक्याला विचार, पाण्याच्या टाकीवर चढून, चादर बांधून कोण कोण बसायचं. मी अकराची, तो सातचा. मोठेपणी दोघांनी मिळून नाव घ्यायची, शिडं मी शिवायची आणि सुकाणू त्याने धरायचं, असं ठरलं होतं. आता तो घेतोय, तुझ्याबरोबर. आणि हे मला कळवलं कोणी, तर तू. त्याला चार ओळी लिहायला काय झालं? बोटं भिंगात अडकली?

आणि कॅटामरान! ती काय नाव आहे? दोन पोटांची, बसक्या नाकाची, धक्क्यावर दोघांची जागा अडवणारी. वाऱ्याच्या तोंडावर जायची वेळ आली की म्हशीसारखी बसते. आता बारक्या म्हणेल, ताई नावेला नावं ठेवते. ठेवते! म्हणावं, खुशाल ठेवते.

असो. विचारलंयस तर सांगते. जुन्या फायबरच्या नावेत एक गोष्ट पहिली बघायची. वरचा डेक आतून पोकळ असतो, दोन पातळ थरांत लाकूड भरलेलं. कुठे पाणी मुरलं की ते लाकूड कुजतं, वरून पत्ता लागत नाही. तर एक जड चमचा घे आणि त्याच्या दांड्याने सगळा डेक वाजवत जा. बोटभर जागा सोडायची नाही. 'टण' वाजलं तर आत कोरडं. 'बद्द' वाजलं तर आत पाणी. चांगलं मडकं आणि चिरलेलं मडकं ओळखतेस ना, तसंच.

यात ती पास झाली तर बाकीचं सांगेन. सगळं एकदम सांगून तुला काय शहाणी करून ठेवायची आहे?

ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताई,

तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. टाकीचा भाग दोनदा वाचायला लावला, म्हशीपाशी पोट धरून हसले.

मी तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. दुकानातून आखीव कागद आणले, डेकचे चौकोन पाडले. दोनशे चौदा झाले. शनिवार-रविवार दोन्ही दिवस मी गुडघ्यांवर रांगत एकेक चौकोन वाजवला, हे कागदावर 'ट' किंवा 'ब' लिहीत गेले. दंतवैद्य खुर्ची टाकून बघत बसले होते. म्हणाले, पस्तीस वर्षं मी लोकांचे दात असेच वाजवले, पण एवढ्या भक्तिभावाने नाही.

दोनशे दहा ठिकाणी 'ट' आहे. डोलकाठीच्या मागे दोन हातांवर आत उतरायची वरची झडप आहे, तिच्या कडेला चार चौकोन 'ब'. सगळं मिळून ताटाएवढी जागा. कागदाची नक्कल सोबत पाठवते, लाल पेन्सिलीत आहे तेवढंच 'ब'.

डोलकाठीला धरणाऱ्या तारा त्यांनी तीन वर्षांपूर्वी सगळ्या बदलल्यात, पावत्या दाखवल्या. त्याचं काही महत्त्व असेल तर तुम्हाला कळेल, म्हणून लिहिते.

ताई, खरं सांगू? मी आजवर कुठल्याही वस्तूसाठी हट्ट केला नाही. ही मला हवी आहे. आत एक छोटं टेबल आहे, खिडकीतून पाणी अगदी डोळ्यांच्या रेषेत दिसतं. मी तिथे बसले आणि उठवेना. दंतवैद्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. तुम्ही 'घ्या' म्हणालात तर घेऊ, 'नको' म्हणालात तर नाही.

तुमची,
भावजय


२३ फेब्रुवारी
(हे पत्र पाठवलं नाही.)

बाईसाहेब,

घे. डोळे मिटून घे. ताटाएवढी जागा म्हणजे काहीच नाही. झडपेच्या स्क्रूतून पाणी झिरपलंय. वरचा थर कापायचा, ओलं लाकूड खरवडून काढायचं, आठवडाभर सुकू द्यायचं, नवीन भरून वर थर द्यायचा. दहा दिवसांचं काम. आणि तारा तीन वर्षांच्या! तीस वर्षांची नाव आणि तारा तीन वर्षांच्या, हे लॉटरी लागण्यासारखं आहे गं. असला नकाशा आमच्याकडच्या तज्ज्ञांनाही काढता येत नाही. मी दिवसभर तो मशीनच्या खड्ड्यात मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक 'ट' वाचला.


२३ फेब्रुवारी

बाईसाहेब,

नकाशा मिळाला. मेहनत घेतलीस, पण उत्तर सरळ आहे. नको.

'ब' झडपेपाशी आहे याचा अर्थ पाणी डोलकाठीकडे सरकतंय. आज ताटाएवढं, वर्षाने टेबलाएवढं. डोलकाठीचा सगळा भार त्याच भागावर येतो. भर समुद्रात डेक खचला तर दंतवैद्याला हाका मारणार आहेस का? सोडून दे. नावा काय, पुष्कळ मिळतात.

बारक्याला माझा आशीर्वाद.

ताई


२० मार्च

ती. ताई,

दंतवैद्यांना नाही म्हणून सांगितलं. मला बोलवेना, ह्यांनीच सांगितलं. ते म्हणाले, वाईट वाटतं, पण माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय. घरी येऊन मी आखीव कागद कपाटात वर टाकून दिला.

मी आठ दिवस तोंड पाडून होते. मग ह्यांनाच काय वाटलं कोण जाणे, एरवी दाढीचं ब्लेड घ्यायलाही पंधरा दिवस विचार करणारा माणूस, रोज दुकानातून सुटला की धक्क्यावर. आणि एक नाव शोधून काढली! सव्वीस फुटी, कॅटामरानच. मालकाला बदलीच्या गावी जायची घाई आहे, म्हणून स्वस्तात देतोय. आतलं टेबल नाही, पण नवा रंग आहे.

तुम्हाला परत त्रास द्यायचा नव्हता. तुम्ही शिकवलेली परीक्षा मीच घेतली. एकशे नव्वद चौकोन, एकशे नव्वद 'ट'! एकही 'ब' नाही. पास! हे म्हणाले, एखाद्या माहितगाराला दाखवून घेऊ या का? मी म्हटलं, कशाला, ताईंची परीक्षा आहे ना.

बाकी तिच्याबद्दल म्हणाल तर सामान अस्सल आहे, मालकाने काहीही बदललेलं नाही. डोलकाठीच्या तारासुद्धा पहिल्या दिवसापासूनच्या, सव्वीस वर्षांच्या, आणि चकाकतात कशा म्हणून सांगू!

उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, म्हणजे २८ तारखेला, आम्ही दोघं ती पलीकडच्या बंदरातून आमच्या धक्क्यावर आणणार. चार तासांचा रस्ता आहे. शिकवणीतल्या मास्तरांनी वारा चांगला असेल म्हणून सांगितलंय.

तुमची,
भावजय


४ एप्रिल

ती. ताई,

काल तुम्ही परत गेलात तेव्हापासून घर सुनं सुनं वाटतंय. मी पत्रात लिहिते तेच बरं, समोर असताना मला तुमचे नीट आभारही मानता आले नाहीत.

त्या शुक्रवारी दुपारी, नाव आणायला दोन दिवस असताना, ह्यांच्या दुकानात तुमचा फोन आला, तेव्हा हे गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होते. म्हणाले, ताई एवढंच ओरडली की मी येईपर्यंत नावेला हात लावायचा नाही, आणि फोन ठेवला. आम्हाला वाटलं, आता येऊन नावं ठेवणार. मी तर मनातून चिडलेच होते. म्हटलं, हेही बघवत नाही का यांना.

आणि मग शनिवारी सकाळी तुम्ही पलीकडच्या बंदरात धक्क्यावर आलात, पिशवी खाली ठेवली, ना चहा ना पाणी. पर्समधून कापूस काढलात आणि तारेवरून खालपासून फिरवत गेलात. पहिल्याच तारेला कापूस अडकला. मग दुसऱ्या. जिथे अडकेल तिथे चकाकणाऱ्या तारेतून एक केसाएवढी तार तुटून बाहेर आलेली. अकरा जागा निघाल्या. तुम्ही वळून ह्यांना म्हणालात, "जोराचा वारा आला असता तर ही काठी हिच्या डोक्यात बसली असती," आणि तो कापूस ह्यांच्या मुठीत कोंबलात.

आठ दिवस रजा टाकून तुम्ही नव्या तारा चढवून दिल्यात. हातांना फोड आले. हे येईल त्याला सांगत सुटलेत, माझ्या बहिणीने आमचा जीव वाचवला. मीही सांगते. मनात त्या वेळी तुमच्याबद्दल वेडंवाकडं आलं त्याची मला लाज वाटते.

तुमची,
भावजय


११ एप्रिल

बाईसाहेब,

तुझं पत्र वाचून मी जेवले नाही. आभार मानू नकोस. हे वाचून झालं की तूच परत घेशील.

दंतवैद्याची नाव चांगली होती. उत्तम होती. ताटाएवढी जागा दहा दिवसांत दुरुस्त होते, आमच्याकडचा नवशिक्याही करील. मी खोटं लिहिलं. पाणी डोलकाठीकडे सरकतंय, डेक खचेल, सगळं मनाचं. खरं पत्रही त्याच दिवशी लिहिलं होतं, ते माझ्या खणात आहे, यासोबत ठेवते.

का, ते विचारू नकोस असं म्हणणार होते, पण सांगते. मी जळले. तू लिहिलंस की टेबलापाशी बसले आणि उठवेना. तेवीस वर्षं मी लोकांच्या नावांत शिडं चढवायला जाते, काम झालं की उतरते. बसायला कोणी सांगत नाही. आणि तू, जिला त्या सहा रविवारांपूर्वी शिडाची वरची बाजू कुठली नि खालची कुठली ते ठाऊक नव्हतं, तू बसलीस. माझ्या बारक्यासमोर. मला ते दिसायला लागलं आणि सहन होईना.

अजून आहे. दुसरं गिऱ्हाईक मीच. पत्र पेटीत टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी दंतवैद्याला फोन केला. साठवलेलं सगळं घातलं. नाव आमच्या कारखान्यामागच्या खाडीत आहे. तुझा नकाशा घेऊन मीच तो लाल भाग कापला, भरला. रेघ न् रेघ बरोबर होती तुझी. काम दहा दिवसांत झालं. तेव्हापासून रोज संध्याकाळी जाते, त्या टेबलापाशी बसते, आणि दर वेळी मला तूच समोर बसलेली दिसतेस. एकदाही शीड उघडलेलं नाही.

आणि तारा. पहिल्याच पत्रात एक ओळ लिहिली असती की जुन्या तारा असतील तर नावेत पाय ठेवू नका, तर तुम्ही त्या सापळ्याच्या जवळही गेला नसता. नाही लिहिली. म्हटलं, हिला कशाला सगळं. तुमचा जीव मी वाचवला नाही. मीच तो टांगणीला लावला होता.

धक्क्यावर आठ दिवस होते, रोज सांगायचं ठरवत होते. बारक्या येईल त्याला सांगायचा, माझी बहीण, माझी बहीण. आणि मला ते ऐकायला आवडत होतं, म्हणून गप्प बसले. हेही लिहून टाकते.

त्याला दाखव हे पत्र. तो माझ्याशी बोलणार नाही, मला माहीत आहे. नाव तुमच्या नावावर करून द्यायला मी तयार आहे.

ताई


२ मे

ताई,

उत्तराला तीन आठवडे लागले. पत्र पोचलं नाही असं वाटलं असेल तर तसं नाही. पोचलं. पहिले दोन दिवस मी ते औषधांच्या खोक्याखाली ठेवलं होतं. मग तुझ्या भावाला वाचून दाखवलं.

हो, 'तुझ्या'. आजपासून तुम्ही-बिम्ही बंद, तुलाही आणि त्यालाही. अकरा वर्षं अहो-जाहो केलं, त्याचं काय फळ मिळालं ते दिसलंच.

मला वाटलं होतं, तो भडकेल. मी तयारीत होते, त्याला सांभाळायचं, तुझी बाजू घ्यायची. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, "मला ठाऊक होतं."

ताई, तो नकाशा घेऊन तेव्हाच आमच्या धक्क्यावरच्या फायबरवाल्याकडे जाऊन आला होता. तुझं 'नको' आलं त्याच दिवशी. फायबरवाल्याने त्याला सांगितलं, दहा दिवसांचं काम, बेधडक घ्या. आणि हा घरी येऊन मला म्हणाला की ताई म्हणते तर राहू दे. मी विचारलं, का? का नाही सांगितलंस मला? तर म्हणतो, "ताई असं खोटं बोलली म्हणजे तिला ती स्वतःला हवी असणार. ती मागणार तर कधीच नाही. म्हटलं, जाऊ दे तिला."

जाऊ दे तिला! माझी नाव! माझे दोनशे चौदा चौकोन! माझे सोललेले गुडघे! मी टेबलापाशी बसले होते, ताई, तू नाही आणि तो तर नाहीच. दोघा बहीणभावांनी एकमेकांना न सांगता, न विचारता, माझ्या डोक्यावरून ती देऊनघेऊन टाकली, जशी काही मी त्या टाकीखाली उभी राहून चादर धरणारी कोणी आहे. आणि मला वाईट वाटू नये म्हणून ह्या दानशूराने घाईघाईत ती दुसरी शोधून आणली, जिच्या तारांत मी मरायची राहिले.

मला तुझा राग आला. खूप आला. पण तू जळलीस हे मला कळतं. मी काय कमी जळते? तुम्ही दोघं धक्क्यावर तारा चढवत होतात, त्याने हात पुढे केला की तू न बघता पाना द्यायचीस. मला अजून पाना कुठला आणि पक्कड कुठली ते विचारावं लागतं. मी तुम्हाला चहा आणून देत होते आणि आतल्या आत धुमसत होते. एवढंच काय, पहिलं पत्र तो लिहिणार होता. मान-बिन काही खाजवली नव्हती, कागद घेऊन बसला होता. मीच काढून घेतला. म्हटलं, ही बातमी त्याच्या बहिणीला मी सांगणार. माझी बातमी आहे. तू त्याला बोटं भिंगात अडकली म्हणालीस, ते त्याने मुकाट ऐकून घेतलं.

तेव्हा तुझं खोटं मी एक वेळ पोटात घालीन. त्याचं औदार्य मात्र घालणार नाही.

नाव नावावर-बिवर करून द्यायची नाही. तुझी नाव तुझ्याकडे राहू दे, आमची आमच्याकडे. पुढच्या रविवारी मी येते आहे. सकाळच्या गाडीने, एकटी. टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला मी बसणार, तू समोर बसायचंस. मग शीड उघडायचं. सुकाणू मी धरणार. तू शिकवायचंस, सगळं, काही मागे न ठेवता. मी चुकले तर ओरड, चालेल.

तुझा भाऊ विचारत होता, मी पण येऊ का? मी म्हटलं, ये की. धक्क्यावर उभा राहा आणि आम्ही जाताना बघ.

तुझी,
वहिनी